खुर्ची, अजून एक

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मावशी,

नमस्कार. तुझी लाँड्री जोरात चालली असेल आणि गुडघा अजून कुरकुरत असेल, असं धरून चालते. आमच्याकडे ठीक. बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे. आईची तब्येत बरी आहे. पण ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असावं.

हे पत्र मी माझ्या प्रयोगशाळेच्या कोटाच्या खिशात ठेवलंय. कपडा पाण्यात घालण्याआधी तू खिसे उलटे करून पाहतेस, झडती घेतल्यासारखे, म्हणून हा मार्ग निवडला. फोन केला नाही, कारण तुझा फोन हल्ली आणखी कोण वापरतं याबद्दल मला शंका आहे.

आता कामाचं. वजनकाटे तपासण्याची नोकरी सांभाळून मी आपल्या भागातल्या त्या ऑनलाइन गटाचं काम बघते, हे तुला माहीत आहे. लोक तिथे नको असलेल्या वस्तू फुकट देतात. देणाऱ्यांचा काही त्रास नसतो. मागणाऱ्यांच्या विनंत्या मात्र आधी माझ्याकडे येतात आणि मी मंजूर केल्यावरच बाकीच्यांना दिसतात. का, तर काही जण फुकट नेऊन विकतात. ते लगेच ओळखू येतात. मिक्सर मागतात, मोबाइल मागतात आणि कारणाच्या जागी आजारी आई लिहितात. एकाच्या आईला दर महिन्याला नवा आजार व्हायचा. मी खातं बंद केल्यावर बहुधा ती बरी झाली.

'पारवा' नावाचं खातं तसं नव्हतं. म्हणूनच मी सावध झाले.

पारव्यानं आधी एका माणसापुरती गादी मागितली. मग एका बर्नरची शेगडी. 'दोनाची नको' असं स्पष्ट लिहून. मग एक खुर्ची. मग अरुंद खिडकीचा पडदा, मापासकट. फुकट मिळत असताना मोजून कमी मागणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. आणि कारणाची जागा दर वेळी कोरी. मी कारण विचारलं की एकच उत्तर: "लागणार आहे."

माझ्या जोडीला हे काम करणारे दुसरे गृहस्थ म्हणजे आमच्या इमारतीतले दुर्बीण काका. नाव अर्थातच मी ठेवलंय. दिवसभर गॅलरीत उभे असतात आणि सकाळी बाबांबरोबर फिरायला जातात.

"ही बाई भाड्यानं द्यायला खोली सजवतेय," ते म्हणाले. "आपल्या जिवावर. लिहून घे."

"बाई कशावरून?"

"पुरुषानं कधी पडद्याचं माप घेतलंय?"

मी लिहून घेतलं.

मी खातं मुळापासून तपासलं. आमच्याकडे नियम आहे की नव्या सभासदानं आधी एक वस्तू द्यायची, मग मागायची. पारव्यानं टेबलावरचा दिवा दिला होता. त्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. प्लगजवळ वायरीला जोड होता आणि त्यावर पिवळी नळी चढवलेली होती. काळी संपली म्हणून कॉलेजात असताना मीच ती पिवळी चढवली होती. जोड माझा होता. तो दिवा आमच्या माळ्यावर खोक्यात असायला हवा होता.

माळ्यावर चढले. खोकं जागेवर होतं, सुतळीही बांधलेली. उचलून पाहिलं तर वजनही बरोबर. सोडलं तर आत रद्दी. दिव्याच्या भाराइतकी, नीट घडी घालून भरलेली. वजनाच्या बाबतीत मला कुणी फसवावं, याचा मला फार राग आला.

खात्याला जोडलेला नंबर तुझ्या दुकानाचा होता. मग उरलं काय? तू आईला गुंडाळून घरातल्या वस्तू काढते आहेस, असं मी ठरवून टाकलं. बाबा तुला 'इस्त्री' म्हणतात हे तुला ठाऊक असेलच. "येते गरम होऊन आणि समोरच्याला सपाट करून जाते." मला वाटलं, या बाबतीत बाबांचं खरं असावं.

गादी देणारं कुणी उशिराच सापडलं. ती ज्या दुपारी मिळायची होती त्या दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि तुझ्या दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे उभी राहिले. उगाच उभं राहता येईना, म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेच्या प्रती काढत राहिले. मला आता त्या आयुष्यभर पुरतील.

हातगाडी आली. तू दुकानावरच्या खोलीतून खाली उतरलीस. आणि गाडीच्या मागून आई आली. हातात पिशवी नाही, फोन नाही. गादी तुम्ही दोघींनी जिन्यात घातली आणि ती वळणावर अडकली. तू वरून ओढत होतीस आणि ती खालून ढकलत होती. "अगं, कोपरा दुमड, कोपरा!" असं तू ओरडलीस आणि कुणीतरी हसायला लागलं. ते हसणं थांबेचना. कोण हसतंय ते मला आधी कळलं नाही. मग आई पायरीवर बसलेली दिसली, पोट धरून.

त्याच वेळी बाबांचा फोन आला. "आई फोन घरी विसरून गेलीय. कुठे गेली असेल?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ती माझ्या समोर होती.

आई फोन विसरत नाही, मावशी. ती तो ठेवून येते. एवढं कळायला शिक्षण लागत नाही.

बाबांबद्दल मला इथे काही लिहायचं नव्हतं. ते मारत नाहीत, ओरडत नाहीत. ते फक्त विचारतात. कुणाचा फोन होता, भाजीला एवढा वेळ का, शेजारीण काय म्हणाली, मग तू काय म्हणालीस. झोपायच्या खोलीची कडी त्यांनी काढून टाकली, कुणी आत अडकू नये म्हणून. आत कुणी कधी अडकलं नव्हतं. मी लहानपणापासून हे ऐकत आलेय आणि मला ते काळजीसारखं वाटायचं.

परवा त्यांनी मला बोलावलं. आईच्या फोनमध्ये असं काही बसवून दे, म्हणजे ती कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसेल, म्हणाले. "तुझ्या डाव्या हातचा मळ आहे हा." खरंच आहे. चहा उकळेपर्यंत होईल इतकं सोपं. मी 'बघते' म्हणाले.

आणि काल पारव्याची नवी विनंती आली. मी ती जशीच्या तशी उतरवते. 'खुर्ची, अजून एक. पहिलीशी जुळली नाही तरी चालेल.' या वेळी कारणाची जागा कोरी नव्हती. 'मुलगी कधी आली तर बसायला.'

हे वाक्य कुणाचं आहे, मावशी? आईचं की तुझं? विनंत्या मी वाचते हे तुला माहीत आहे. आईला सांगितलं होतंस का? माझ्यासाठीच लिहिलंत का? मी विरघळावं म्हणून? दिव्याचा फोटोही मुद्दाम तसाच काढला होता का, जोड दिसेल असा? ती तिथे कायमची कधी येणार आहे? आणि मला केव्हा सांगणार होता, गेल्यावर?

एवढं लिहून मी पहिल्यापासून वाचून पाहिलं. नुसते प्रश्न आहेत. एखादा तर बाबांच्या आवाजात ऐकू येतो. ते वाक्य खोडावं असं वाटलं, पण राहू दे. तुला कळायला हवं की तुझ्या बहिणीनं घरात मला का सांगितलं नाही. माझ्या काट्याचं शून्यच सरकलेलं होतं. तसं असलं की पुढचं प्रत्येक वजन चुकतं, कितीही काळजीपूर्वक करा.

दुर्बीण काकांनी पारव्याच्या या विनंतीवर आक्षेप घेतलाय. आक्षेप आला की आमच्यापैकी एकानं पत्त्यावर जाऊन पडताळणी करायची आणि नोंद लिहायची, असा नियम आहे. तो मीच लिहिलाय. आज सकाळी काका म्हणाले, "रविवारी मीच जाऊन येतो. तुझ्या बाबांनाही घेतो बरोबर, तेवढंच फिरणं होईल."

"नको," मी म्हणाले. "ही भेट मी घेतेय."

"तुला कशाला त्रास? सुट्टीचा दिवस."

"माझा नियम आहे, काका. मलाच पाळू द्या."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ते बाबांना काही बोलतील का, सांगता येत नाही. म्हणून तुम्ही जे काय ठरवलं असेल ते लवकर उरका. दुपारी बाबांनी फोनचं काय झालं विचारलं. मी बसवणार नाही म्हणाले. "का?" त्यांनी विचारलं. बाबांच्या 'का'ला मी आज पहिल्यांदा उत्तर दिलं नाही. ते अजून वाट बघताहेत; शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद आहे.

हा कोट उद्या सकाळी तुझ्याकडे पोचेल, खुर्ची दुपारी. आमच्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेली आहे. एक पाय आखूड होता, त्याला मी रबर बसवलंय, आता डुगडुगत नाही. नोंदीत देणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे.

पडताळणीची खोटी नोंद मी आजवर केलेली नाही आणि करणार नाही. त्यामुळे रविवारी सकाळी मला जिना चढून वर यावं लागेल आणि त्या खुर्चीत बसावंही लागेल. सांगितलेल्या कारणासाठीच वस्तू वापरली जाते का, एवढंच आम्ही पाहतो.

आईला हे आधी सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी फोन घरी ठेवून येईन. प्रश्न आणणार नाही. आणले तर तू मला सपाट कर.

आणि तिथल्या दाराला कडी असेल तर ती आतून लावलेली असू दे. मी वाजवीन.

विनंती मंजूर.

तुझी भाची