मांडवाबाहेर गेलेलं गाणं

आये, तू गेल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. राग होता. तो अजून आहे, म्हणूनच आज लिहायला बसले. जिवंतपणी तू मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीस, आता निदान मध्ये तोंड घालणार नाहीस.

आपल्या गावात लग्नाच्या मांडवात बायका समोरच्या पक्षाला गाण्यातून सोलून काढायच्या आणि त्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. विहिणीचा नखरा, काकाची दारू, सासऱ्याचा चिकटपणा, सगळं चारचौघांत निघायचं. ज्याच्यावर गाणं, त्याने हसत हसत विड्याचं ताट पुढे करायचं. रागावला तर त्याचीच शोभा. मी लहान असताना शेजारच्या काकीला मूल नव्हतं, त्यावर एक ओळ जुळवली आणि मोठ्या तोऱ्यात तुला म्हणून दाखवली. तू भाकऱ्या थापत होतीस. पिठाच्या हातानेच थोबाडीत दिलीस आणि म्हणालीस, "जिला उलटून गाता येत नाय, तिच्यावर गायाचं नाय." एवढाच कायदा तू मला शिकवलास. पुढे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आणि त्याच्या मर्यादा वाचल्या तेव्हा त्यात मला नवीन काही दिसलं नाही.

मग नव्वदच्या दशकातलं ते शेजारच्या मुलीचं लग्न. तेव्हा जवळच मनवेलपाड्याकडे नव्या इमारती उठत होत्या, त्यांच्या नळांना पाणी नव्हतं आणि आपल्या विहिरींवर दिवसभर टँकर लागायचे. विहिरी आटल्या की तेच पाणी आपणही विकत घ्यायचो. नवरदेवाचा मामा म्हणजे ते टँकर ज्याचे, तो पुढारीच निघाला. याच्याइतकं उलटून बोलता येणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. तू मला कोपराने ढोसलंस, आठवतं ना? मी गायले,

"नवऱ्याचा मामा टँकर घेऊन आला,
आमच्याच हिरीचं पानी आमाला विकून गेला."

मांडव हसला, मामाही हसला. तू मागून टाळ्यांचा ताल धरलास. पण कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. थोड्याच दिवसांत ती कॅसेट आगाशीच्या बाजारात वाजायला लागली, रिक्षांतून फिरायला लागली, आणि निवडणूक तोंडावर आलेली. बाजारात मामाला हसणं जमेना. त्याने पोलिसांत तक्रार दिली की बदनामी झाली, समाजाच्या भावना दुखावल्या, गावात तेढ पसरली. लग्नातलं गाणं, आणि तेढ म्हणे.

पोलीस ठाण्यात मी बाकावर बसले आहे, शेजारी तू, समोर खुर्चीत मामा. डी.एड.चं शेवटचं वर्ष, मान ताठ. साहेब तसे वाईट नाहीत. ते म्हणतात, माफी लिहून दे, बाजारात वाचून दाखव, प्रकरण मिटेल. मी म्हणते, माफी कसली? त्यांनी आमच्यावर उलटं गाणं म्हणावं, आम्ही हसून ऐकू. मला वाटतं, आता तू हसशील. निदान माझ्या शेजारी तरी बसून राहशील. तू पदर सावरून उठतेस, साहेबांच्या टेबलाशी जातेस आणि माझ्याकडे न बघता बोलतेस.

"सायेब, पोरीचं डोकं जाग्यावर नाय. ल्हानपनापासून अशीच बरलते. तिचं कोनी मनावर घेत नाय."

पुढारी खुर्चीत मागे रेलला. वेड्या पोरीवर केस केली तर त्याचंच हसं झालं असतं. तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली. बाहेर आल्यावर तू मला उसाचा रस घेऊन दिलास. मी ग्लासाला तोंड लावलं नाही, तेव्हा तो तूच पिऊन टाकलास.

आपण घरी पोचायच्या आधी तुझं बोलणं गावात पोचलं होतं. पुढे मला नोकरी लागली, लग्नही झालं, लोक वागायला वाईट नव्हते. पण ग्रामसभेत मी विहिरींवर बोलायला उठले की सरपंच समजुतीने मान हलवायचे, "बोल बाय, बोल," आणि बोलून झालं की पुढचा विषय घ्यायचे. दोन हजार सालानंतर विहिरींना खारं पाणी लागलं, तेव्हाही तेच. आये, मला कायद्याने गप्प केलं नाही. मला तर वाटेल ते बोलायची मोकळीक मिळाली, कारण माझं बोलणं कुणाला लागतच नव्हतं. चार दिवस कोठडीत काढले असते तर निदान गाणं खरं होतं म्हणून लोकांनी नाव घेतलं असतं. तुझा एकुलता एक कायदा तू माझ्यावरच मोडलास. तू जे बोललीस त्याला उलटून काय गाणार? मी शहाणी आहे म्हणून ओरडणारी बाई जास्तच वेडी दिसते. तो मामा परका होता, त्याचा मला एवढा राग कधी आलाच नाही.

हे मी कुणाला दाखवणार नाही. मेलेल्या आईला पत्र लिहिते म्हटल्यावर लोकांना आयता पुरावा मिळेल. नवऱ्याला आणि मुलीला मी इतकी वर्षं सांगत आले, की आई मला वाचवायला खोटं बोलली. तू अंथरूण धरलंस तेव्हा दुपारी घरात आपण दोघीच असायचो. पेज भरवताना रोज विचारावंसं वाटायचं, की ते खोटंच होतं ना. विचारलं नाही. तू "व्हय" म्हणशील याची मला खात्री नव्हती.