कुबड जमिनीचं नाही, माझ्या वहीचं

आधी त्या तपासनीसाचं. तेवीस वर्षं तो दर तीन महिन्यांनी भूकंप कार्यालयातून यायचा, माझ्या कागदांवर लाल पेन चालवायचा आणि अहवालात लिहायचा, "केंद्र एका अल्पशिक्षित बाईच्या हाती असूनही जरा बरे चालले आहे." तो 'जरा' मला अजून सलतो. मी तिसरी शिकले हे खरं. पण भूकंप टिपणाऱ्या यंत्राचा कागद रोज सकाळी दहाला बदलायला चौथी लागत नाही.

असो. तर मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, एक कान गेलेला, डोकं जागेवर, दातांची डॉक्टरीण आणि कोपऱ्यावरचा शिंपी अशा दोन शहाण्या माणसांसमक्ष हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. धाकटा आणत होता, त्याला बाहेर बसवलं आहे. याआधी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रागाच्या भरात. ते रद्द समजावं.

एक. पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची धाकट्या मुलाला. मागची खोली त्याला नाही. त्याला तिथे गाडी लावायची आहे. अरे बाबा, त्या खोलीच्या मधोमध जो दगडी ओटा आहे, तो तुझ्या बापाने खडक लागेपर्यंत खणून बांधला. गवंडी माणूस तो, ओटा बांधायला म्हणून कार्यालयाने बोलावलं आणि राखणीलाही ठेवून घेतलं. ओटा खडकाला धरून आहे आणि फरशीपासून बोटभर सुटा आहे, घरातली आदळआपट यंत्राला कळू नये म्हणून. त्यावर तुझं चाक येणार नाही. तुझा बाप गेल्यावर कागद बदलायचं काम माझ्याकडे आलं. पुढे कार्यालयाने नवं यंत्र टेकडीवर बसवलं, जुनं न्यायला कोणी फिरकलं नाही. ते मी आजही चालवते.

दोन. मागची खोली, ओटा आणि यंत्र सूनबाईला. वाचून धाकट्याचा जबडा पडेल, तो त्याने स्वतः उचलावा. ही घरात आली तेव्हा भांडी अशी आपटायची की बोटभर फट असूनही शाईची सुई उडायची. मी कागदाच्या कडेला वेळ टाकून लिहायची, "भूकंप नाही, सून." कार्यालयात ते वाचून हसत, हे तिला कळलं आणि दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पुढे माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस कागद तिने बदलला, कोणी न सांगता. घरी येऊन पाहते तर एका उडीशेजारी लिहिलेलं, "मी. कपाटाचं दार. चूक माझी." अशी बाई तीन मुलखांत मिळायची नाही. हे तिला तोंडावर कधी बोलले नाही, आताही बोलणार नाही. इथे वाचून घे.

तीन. दागिने म्हणून जे चार तुकडे आहेत ते दोघींनी, लेकीने आणि सुनेने, न भांडता वाटून घ्यावेत. भांडल्या तर शिंप्याला द्यावेत. शिंपी आत्ता हसतो आहे. हसू नकोस, मी खरंच लिहिलंय.

चार. आता थोरली लेक. हे कलम लांब आहे, साक्षीदारांनी बूड टेकून बसावं.

ती भूकंपशास्त्रज्ञ आहे. समुद्राखालचा जमिनीचा एक प्रचंड पट्टा आपल्या पट्ट्याखाली कसा शिरतो, याच्यात तिने आयुष्य घातलं. मला समजावताना म्हणाली होती, "आई, सासू-सुनेसारखं. एकीला खाली जावंच लागतं, वर काही दिसत नाही, पण भांडी हलतात." त्यासाठी ती बेटाबेटांवर खड्डे खणत हिंडली, बोटीवर ओकली, लग्नाला दोनदा नाही म्हणाली आणि तिसऱ्यांदा विसरली. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिलाही वाटत नाही, मी विचारलंय.

तिचं नाव झालं ते दोन गोष्टींवर, आणि दोन्ही या मागच्या खोलीतून निघाल्या.

पहिली हुडहुडीची. काही काही वेळा दहा-बारा दिवस शाईची रेघ बारीक थरथरत राहायची. भूकंप नाही, गाडी नाही, सून नाही. मी कडेला लिहायची, "शाईला हुडहुडी." तपासनीस म्हणाला, "हा शास्त्रीय शब्द नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही द्या शास्त्रीय." त्याने खोडला. थोरलीने मात्र एका सुट्टीत सगळे कागद घरभर अंथरले, आम्हाला भिंतीला धरून चालायला लावलं आणि काढलं की ही हुडहुडी दर चौदा महिन्यांनी येते. खालचा पट्टा तेवढे दिवस गुपचूप सरकतो, कोणाला न हलवता. आता तिकडच्या मोठमोठ्या लोकांनी ते मान्य केलंय.

दुसरी गोष्ट कुबडाची. तिथेच घोडं पेंड खातं.

यंत्राच्या घड्याळाचा नियम असा: रोज कागद बदलताना रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकायचे, आपलं घड्याळ किती सेकंद मागे-पुढे आहे ते रकान्यात लिहायचं. एका वर्षी रेडिओ मेला. शेजारच्यांच्या रेडिओवर ते ठोके लागत नसत. मी कार्यालयाला तीन पत्रं टाकली. तपासनीस येऊन म्हणाला, "रेडिओ येईल तेव्हा येईल, रकाना रिकामा दिसता कामा नये." मग मी आदल्या दिवसाचाच आकडा उतरवत गेले: दोन सेकंद मागे, दोन सेकंद मागे. एक्केचाळीस दिवस. बेचाळिसाव्या दिवशी रेडिओ आला, ठोके ऐकले, तर घड्याळ नऊ सेकंद मागे. मी नऊ लिहिले. दोनाचे एका रात्रीत नऊ झाले, लाल पेनाला दिसलं नाही; रकाना भरलेला होता ना.

आणि अडतिसाव्या दिवशी तो खोलवरचा मोठा भूकंप झाला होता.

थोरलीने पुढे त्याचाच अभ्यास केला. माझ्या कागदावर लाट हिशेबापेक्षा सहा-साडेसहा सेकंद आधी पोचलेली. त्यावरून ती म्हणाली, लाटेला वेगाची वाट मिळाली, म्हणजे खालचा पट्टा आपल्या गावाखाली वर उचललेला आहे, कुबड काढून बसलाय. ते चित्र पुस्तकांत छापलं. मला त्यातलं काय कळणार? मी शेजारणींना दाखवलं, "हे कुबड आमच्या मोरीच्या बरोबर खाली."

गेली तीन वर्षं समुद्रतळावर नवी यंत्रं बसली आहेत आणि त्यांना ते कुबड सापडत नाही. मागल्या खेपेला ती जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाली, "आई, सगळ्यांनी एकच टुमणं लावलंय, की तुमच्या केंद्राचं घड्याळ चुकलं असेल."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी सांगितलं, जग चुकेल, आमच्या आईचं घड्याळ नाही."

माझा चहा बशीत सांडला. ती हसून म्हणाली, "आली का हुडहुडी? नोंद कर."

ती गेल्यावर मी कच्ची वही काढली. पक्क्या रकान्यात खोटं लिहिलं, पण कच्च्या वहीत रेडिओ मुका असलेल्या प्रत्येक दिवशी मी रिकामं वर्तुळ काढलं आहे. एक्केचाळीस वर्तुळं. मोजून बघा. मग फोन केला. "थोरले, त्या घड्याळाचं..." "आई, निघालेय गं, नंतर." दुसऱ्यांदा केला, तर बैठकीत. मृत्युपत्राला कोणी 'नंतर' म्हणत नाही, म्हणून इथे लिहिते.

पुढच्या महिन्यात तिचं निवृत्तीचं व्याख्यान आहे आणि त्यात ती त्या कुबडावर छातीठोक बोलणार आहे. म्हणून हे कलम मी मरायची वाट बघणार नाही. सही झाली की आजच याची नक्कल आणि कच्ची वही सूनबाईने स्वतः नेऊन तिच्या हातात द्यावी.

थोरले, कुबड जमिनीला नाही, माझ्या वहीला आहे. लाट आधी आली नव्हती, माझं घड्याळ मागे होतं. तुझ्या हातून चूक झाली नाही. तू आईवर विश्वास ठेवलास, आणि तो एक्केचाळीस दिवस सोडले तर ठीकच होता. रडू नकोस, तुला शोभत नाही. कुबड काढून टाक. हुडहुडी राहील, तिला सेकंद लागत नाहीत, चौदा महिने लागतात, आणि ते मी चुकवलेले नाहीत.

पाच. तो मेलेला रेडिओ तपासनीसाला. दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. उशाशी ठेवावा आणि काय ऐकू येतं ते रकान्यात लिहावं.

सहा. माझ्यामागे रडारड नको. त्या दिवशीही दहाला कागद बदलला जावा. पावलांनी सुई उडाली तर कडेला लिहावं, "माणसं."

बाकी मला कोणाकडून काही येणं नाही. पोटभर जगले.

ठिकाण: मागची खोली, ओट्याजवळ. दिनांक चौदा मार्च, सकाळी दहा वाजून चार मिनिटं. घड्याळ एक सेकंद पुढे, आज ठोके ऐकून लिहिलंय.

सही: (कागद बदलणारी)
साक्षीदार पहिली: दातांची डॉक्टरीण
साक्षीदार दुसरा: शिंपी

सह्या झाल्यावर सुचलं ते, दोघांच्या पुन्हा सह्या घेऊन: व्याख्यानाला मी जाणार आहे, पहिल्या रांगेत, चांगला कान मंचाकडे करून. थोरलीने कुबड मागे घेतलं की कोणीतरी उठून विचारेलच, त्या दिवशी घड्याळ कोणाच्या हाती होतं? तेव्हा थोरलीने तोंड उघडायचं नाही, तपासनीसाने तर मुळीच नाही. उत्तर मी देईन. तोवर मी नसले, तर सूनबाईने उभं राहावं आणि कच्ची वही उघडून एक्केचाळीस वर्तुळं मोठ्याने मोजून दाखवावीत.