नाकावरचा रुमाल

ती. ताई, धाकट्याचा नमस्कार घे.

तुझी चिमी इथं माझ्याकडे खाऊनपिऊन मजेत आहे. दाजींचे गुडघे कसे आहेत?

शाळेत गटांगळ्या खाल्ल्या म्हणून पोरीनं लोकांची घाण काढायची का, असं दाजींनी विचारलं होतं. तिला माघारी बोलावण्याआधी बघावं, म्हणून काल ती रुग्णसेवेचं प्रशिक्षण घेते त्या वृद्धाश्रमात जाऊन आलो. खोटं कशाला बोलू, वास आला तसा मी दारातच थबकलो.

चिमी एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं अंग पुसत होती. हात लावण्याआधी दर वेळी सांगायची, "आजोबा, आता डावा पाय उचलते हं." तसंच शिकवतात म्हणे. त्यांचा मुलगा नाकाला रुमाल लावून उभा होता. म्हणाला, "उरक लवकर, त्यांना काय कळतंय!"

ताई, त्या वासापेक्षा मला त्या रुमालाची शिसारी आली. असला लेक!

चिमी म्हणाली, "कळतं त्यांना. लाजतायत ते. तुम्ही बाहेर व्हा. आणि मामा, तूसुद्धा!" तिनं खस्सकन पडदा ओढला. आम्ही दोघंही बाहेर.

आपणही कधीतरी आडवे होणार. तेव्हा उशाशी रुमालवाला हवा की चिमी, ते दाजींना विचारून कळव. मी माझा नंबर लावून ठेवलाय.

तुझा,
धाकटा