आईचे अकरा आठवडे

प्रिय ऋतिकाताई,

आधी माफी मागते. शुद्धलेखन माझं नववीतच राहिलं, अन एका बोटानं टाईप करते, म्हणून हे पत्र तीन दिवस चाललंय. बोलून टाईप करून बघितलं, पण मधीच मेंढरू वरडलं की मोबाईल कायबी लिहितो. आवाज भरून पाठवणार व्हते, चार वेळा भरला अन पुसला. माझं तोंड माणसापुढं उघडत न्हाई, तुला म्हाईतच हाय. वर्गात बाईंनी उभं केलं तरी असंच व्हायचं.

हिकडं समदं ठीक. आबा सकाळी मेंढरं घेऊन ओढ्याकडं जात्यात. मी भाकरी टाकते, धुणं करते, मग दुपारी मी जाते. आई जाऊन चार महिने झाले. मला अजून रडू आलेलं न्हाई. बाया म्हणत्यात पोरगी दगड हाय. असंल. भाकरी मात्र गोल यायला लागल्या.

तुझे नाना चार दिवसांमागं सांगत व्हते, लेक डोळ्याची सर्जन व्हणार, शुक्रवारी पुढच्या शिकण्याचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. त्यांनी तुझा मेसेज मला वाचाया दिला. तू लिहिलंय, डोळ्याच्या आपरेशनला जवळपास समदे पेशंट बरे व्हऊन घरी जातात. पोटाच्या सर्जरीत रोज येगळं काहीतरी निघतं, ते तुला आवडतं, पण तिथं माणसं जातात अन तुला ते परत बघायचं न्हाई. त्या 'परत'कडं मी लई वेळ बघत बसले.

डोळ्याचं काम वाईट न्हाई. म्हाळसाआजीचा मोतीबिंदू काढल्यापासनं ती वट्यावरनं माझ्या डोक्यातली ऊ बघती अन आख्ख्या आळीला वरडून सांगती. पण तू सुट्टीत यायचीस तेबी मला आठवतं. आबा मेंढरांची खुरं कापायचे, एकामागं एक, समद्यांची सारखीच. दोन मेंढरं झाली की तू पळायचीस. कोकरू आडलं म्हणलं की मात्र अनवाणी यायचीस. आईचा हात आत असायचा अन तू मागनं विचारायचीस, काकी काय लागतंय, काय लागतंय? आई म्हणायची, दर खेपंला येगळंच लागतं बाई, गप उभी राहा. कधी कोकरू जायचं, कधी मेंढी. तू रडायचीस, न जेवता झोपायचीस, अन पुढच्या खेपंला पुन्हा तिथंच.

आता आईचं लिहिते. दोन महिने आईच्या पोटात काय ठरत नव्हतं. च्या घेतला तरी बाहेर. आमी भाकरी खाताना ती उठून गोठ्यात जाऊन बसायची. तू पुण्याला नेलंस, तुझ्या दवाखान्यात. मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढले. तू आबांना खुर्चीवर बसवून सांगितलंस, काका, गाठ निघणार न्हाई, लई पसरली हाय. पण जेवण पुढं जाया बाजूनं वाट काढता येईल. त्यानं काकी जगणार न्हाई, पण जेवंल. तू हे दोनदा सांगितलंस. मी दाराला टेकून व्हते, मी ऐकलं. आईनं ऐकलं. आबांनी निस्तं आपरेशन व्हणार एवढंच ऐकलं, अन गावाकडं फोन करून सांगितलं, गाठ काढत्यात.

आपरेशन मोठ्या डॉक्टरांनी केलं, तू संगं व्हतीस. त्यानंतर आई अकरा आठवडे व्हती. पहिल्यांदा दहीभात, तीन चमचे. मग दुधात कुस्करलेली भाकरी. मग म्हणली, मेथी कर, लसूण जास्त घाल. टाके दाखवून येताना आळेफाट्याला एसटी थांबली तर म्हणली, मला मिसळ खायची. जन्मात तिनं हाटेलात खाल्लं नव्हतं. अर्धी पलेट खाल्ली, नाकावर घाम आला. मला म्हणली, बघती काय, पाव दे. आबा दुसरीकडं तोंड करून ट्रक बघत बसले. शेवटच्या आठवड्यात जेवण कमी झालं, पण गेली त्याच्या आदल्या दिवशीबी गूळ-तूप खाल्लं. सकाळी मी उठवाया गेले तर गार व्हती. मी चूल पेटवली, मग आबांना सांगितलं.

दहाव्याला पिंड ठेवून माणसं मागं सरली न्हाईत तवर कावळा शिवला. समदी म्हणली, लई लवकर, इच्छा राहिली नसंल. तिची काय इच्छा व्हती ते मला म्हाईत व्हतं. मग हात धुताना आळीतली साळुबाई तुला म्हणली, डॉक्टरीणबाई, गाठ काढाया नेली अन माणूस घालवलंस, आता आमच्या शेरडाला तेवढा हात लावू नको बरं का. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तू माझ्याकडं बघितलंस. मी खरकटी भांडी बघत व्हते. तू न जेवताच निघालीस, तवापासनं राजुरीला आली न्हाईस.

ताई, मी हे का लिहिते ते सांगते. गूळ-तूप खाल्लं त्या दिवशी आई मला म्हणली व्हती, ऋतीला सांग, काकी जेवून गेली म्हणावं. पोरगी जेवढं व्हईल म्हणली तेवढं झालं, तिला कुणी बोललं तर तू सांग. मी मान हालवली व्हती. अन साळुबाई बोलली तवा ते माझ्या तोंडात व्हतं, पार दाताशी, अन मी गिळलं. काल रातच्याला आबांना समदं सांगितलं. ते सकाळी साळुबाईच्या दारात जाऊन उभे राहिले, तिला काय सांगितलं ते म्हाईत न्हाई. आता तुझा फॉर्म तू भर. डोळ्याचं घ्यायचं तर घे. पण 'तिथं माणसं जातात' म्हणतेस, त्यात माझ्या आईला मोजू नको.

तुझीच,
इंदू

आत्ताच शेजारच्या मोहिनीवहिनीनं नवा ट्रॅक्टर मागं घेताना आमच्या कुंपणावर घातला. समदी मेंढरं रस्त्यावर. जाते.