नानांच्या फोनवर वाजत नाही

३ फेब्रुवारी
इन्सुलिनची आठवण करून देणारं अ‍ॅप. एम्युलेटरवर सहा फोन उघडले, सहाही वाजले. लॅपटॉपच्या पडद्यातले फोन. त्यांना खिसा नाही, मालक नाही. दहा तारखेला रिलीज. तपासणीवर सही माझी. हिंदी मुलखातल्या लालबागच्या या खोलीत दिवसभर गजर ऐकतेय. सगळं हिरवं, म्हणजे पास. तरी पटत नाही.

४ फेब्रुवारी
इथून अर्ध्या तासावर जसोंडीला, आईवडिलांकडे जाऊन नानांच्या फोनवर अ‍ॅपचा बिल्ड, म्हणजे चाचणीची आवृत्ती, टाकला. नाना इन्सुलिन विसरतात, वर "घेतलं ना" म्हणतात. आई: "जेवल्यावर आठवलं, त्याला घेतलं म्हणतात का?" दोन्ही जेवणांआधीचा गजर लावला. माझ्यासमोर वाजला. नाना लगेच शेजारी सांगून आले, "अपनी बेटीने बनाया है." मी बनवलं नाही, तपासते. राहू दे.

६ फेब्रुवारी
आईचा फोन. काल दोन्ही वेळा वाजला नाही. नाना गजराच्या भरवशावर. आईनंही आठवण करून दिली नाही, मशीन आहे म्हणून. आज शुगर चढलेली.
आईला सांगितलं, अ‍ॅपवर राहू नकोस, तूच सांगत जा.
तक्रार नोंदवली. टीम लीड शैलेशनं पुण्याहून तासाभरात बंद केली: "माझ्याकडे हा दोष येत नाही." माझ्याकडेही येत नाही. एम्युलेटर पुन्हा सुरू करते, पुन्हा वाजतो. आज्ञाधारक.

७ फेब्रुवारी
जसोंडी. नानांच्या शेजारी नुसती बसून राहिले. फोन पॉलिथिनमध्ये, बागेत केळीचा चीक लागू नये म्हणून. कुणाला तरी फोन केला, बोलणं संपलं. मग पिशवीवरूनच अंगठ्यानं उघडी अ‍ॅप्स एकेक करून वर ढकलली. आमचंही.
"हे काय करता?"
"झाडून ठेवतो बेटा. मागं चालू राहिलं की बॅटरी खाऊन टाकतं ना."
"रोज?"
"तू घर रोज झाडत नाही का?" मग आईकडे बघून, "नसेल झाडत."
त्या फोनवर अ‍ॅप झाडलं की गजरही जातो.
खोलीवर परतून एम्युलेटरवर तसंच झाडून पाहिलं. वाजला.

८ फेब्रुवारी
शैलेशला नानांच्या झाडण्याचा व्हिडिओ पाठवला. "अगं, काकांना सांग ना, स्वाइप करू नका. विषय संपला."
काकांना सांगेन. बाकीच्यांना?
"सही करत नाही," म्हटलं.
"मग क्लायंटशी तूच बोल."
बोलले. आवाज नीट राहिला. दुरुस्तीला एक दिवस मिळाला, एकच.
नानांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर नाना झाडणार नाहीत, तो फोनही एम्युलेटर होईल. आई आहे लक्ष ठेवायला. तरी चैन नाही. उठते, पाणी पिते, पुन्हा व्हिडिओ बघते.

९ फेब्रुवारी
दुपारी दुरुस्त केलेला नवा बिल्ड आला, नानांच्या फोनवर टाकला. सही उद्या सकाळी हवी.
जसोंडीत, स्वयंपाकघरात बसून लिहितेय. नानांनी सगळं झाडलं, पिशवीला गाठ मारली, हात धुऊन बसले. आईनं ताट वाढलंय. इन्सुलिन तिच्या पदराआड. गजर होईपर्यंत मी तिला खुणेनं थांबवलंय.
"जेवू का?"
"थोडं थांबा, नाना."
"कशासाठी?"
सांगत नाही. सांगायचं ते फोननं.
भाकरी निवतेय. पिशवी ताटाशेजारी. आई माझ्याकडे बघतेय, मी पिशवीकडे.