झाकली मूठ

प्रिय खारूताई,

एकाच घरात राहणाऱ्या बापानं लेकीला पत्र लिहावं, हे तुला नाटकी वाटेल. वाटू दे. मी तोंडानं काही बोलायला गेलो की तू भांडी घासायला उठतेस, आणि पत्रातून कुणाला उठता येत नाही. आत्ता तू दुकानात चष्म्याच्या काचा घासत असशील. इथे तुझी लेक, आपल्या राणीसाहेब, खिडकीखालच्या गादीवर पडून छतावर हलणारा कवडसा बघतायत. मी खुर्ची तिच्याजवळ ओढून, मांडीवर पाट घेऊन लिहितो आहे. मधेच तिची मान सरळ करायला उठतो, तेव्हा अक्षर बदललेलं दिसलं तर समजून घे.

कवडसा बघितला की मला आमचा शाळेचा वर्ग आठवतो. गुरुजी डस्टरनं टेबलावर ताल धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका चालीत कविता म्हणायचो. अर्थ कुणाला कळत होता? पण यमक जवळ आलं की सगळ्या वर्गाचा श्वास एकदम वर चढायचा. तुलाही ते वेड माझ्याकडूनच लागलं. आठवतं, शाळेच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तू झाडावरून पडून हात मोडून घेतलास? प्लास्टर आईच्या शालीखाली लपवून तू अख्खी कविता हसत म्हणालीस. घरी आल्यावर आई कौतुकानं म्हणाली, कुणाला कळलंसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं ब्रीदच होतं. तिच्या मागे ते तू चालवलंस.

म्हणून तर पालिकेनं दिलेली रात्रीची मदतनीस पुढे चालू ठेवायची का, हे ठरवायला पालिकेचे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर आपण घरी पाहुणे यावेत तशी तयारी केली. तू इस्त्रीचा फ्रॉक काढलास, दोन वेण्या घातल्यास. घशातला कफ ओढायच्या यंत्रावर मी टेबलक्लॉथ घातला, वर फुलदाणी ठेवली. साहेब सज्जन होते. रात्री कसं काय असतं, असं त्यांनी विचारलं, आणि तू म्हणालीस, होतं सगळं, काही त्रास नाही. घरी आलेल्या माणसाला आपण दुसरं काय सांगतो? मग राणीसाहेबांनीही घराण्याचं नाव राखलं. मी तिच्यासाठी जुळवलेल्या ओळी म्हटल्या: ‘कोण गं आलं दारी, कुणाची ही स्वारी? राणीसाहेब हसल्या, हसली दुनिया सारी.’ ‘सारी’च्या आधी मी थांबलो आणि तिनं नेमकी तिथेच हुंकार देऊन जागा भरली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात निकाल आला: मुलगी प्रतिसाद देते, प्रकृती समाधानकारक, सबब रात्रीची मदतनीस बंद. घरी झेपत नसेल तर निवासी संस्थेत ठेवावं.

तेव्हापासून रात्रीच्या मावशी गेल्या आणि तू दोघींच्या वाटणीची रात्र एकटीच जागतेस. परवा तू एका आजोबांची डावी काच उजव्या डोळ्याला बसवलीस. मालक हसून म्हणाले, ताई, आधी स्वतःला चष्मा लावा. पुढच्या वेळी ते हसणार नाहीत. नोकरी गेली तर घर कसं चालेल, आणि नाही गेली तर रात्री तिला कोण कुशीवर वळवेल, हे कोडं तू मनातल्या मनात सोडवत बसतेस. मला ते तुझ्या पाठीवरून कळतं.

त्या निकालाविरुद्ध आपण लावलेल्या दाव्याची उद्या सुनावणी, म्हणून काल वकीलबाईंनी तुझ्या साक्षीची तालीम घेतली. मुलीला काय काय येत नाही तेवढंच सांगा, म्हणाल्या. तू सुरुवात केलीस. तिला धड गिळता येत नाही, पण माझ्या हातून पेज खाते. तिला बोलता येत नाही, पण माझी पावलं ओळखते. तेव्हा त्या म्हणाल्या, ताई, तुमचा प्रत्येक ‘पण’ झेलायला समोरचा वकील ओंजळ धरून उभा आहे. तू पर्स उचललीस आणि जिन्यात मला म्हणालीस, बाबा, दावा मागे घेऊ या, माझ्या तोंडून माझ्या पोरीची निंदा होणार नाही.

ऐक. मी छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली. पान लाल खुणांनी भरून टाकलं म्हणून मला त्या पुस्तकाचा राग होता, असं कुणी म्हणालं नाही. ज्या पुस्तकावर जीव जडायचा, त्यात तर माझ्या खुणा जास्तच असायच्या. एकही चूक सुटली तर भोगावं लागायचं पुस्तकाला.

तर दावा मागे घ्यायचा नाही. उद्या साक्ष मी देणार आहे. तू दुकानात गेल्यावर वकीलबाईंना फोन करून सांगून टाकलं. राणीसाहेबांना काय येत नाही, रात्री झटका आला की काय होतं, जवळ कुणी नसेल तर काय होईल, सगळं सांगीन. त्या हुंकाराबद्दल विचारतील, तेव्हा सांगीन की तो तिच्या चांगल्या दुपारचा होता, आणि श्वास कोंडला की तेवढाही निघत नाही. फुलदाणीखाली काय होतं तेही सांगीन. मूठ मी उघडणार आहे, तू दालनात थांबू नकोस. पण माझं बोलणं कुठून तरी तुझ्या कानावर येईलच. त्याच्या आधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून लिहिलं. आपल्या घरातला एकही ‘पण’ मी खोडलेला नाही. उद्या तिथे जे बोलणार नाही, ते इथे ठेवलं आहे. घरी आलीस की हे तिला मोठ्यानं वाचून दाखव. शेवटी आल्यावर जरा थांब, घाई करू नकोस, ती जागा तिची आहे.

राणीसाहेब हसल्या, हसली दुनिया…

तुम्हा दोघींचाच,
बाबा