अकरा जपानी नळ्यांचे वाण

अल दुहैल, दोहा
२९ जानेवारी २०१८

चि. श्यामराव यास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायचे कारण असे, की फोनवर तू हसतोस, आणि मला गुरुवारच्या आत एक गोष्ट पुरती सांगायची आहे. लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. मृणालिनीचा गुडघा बरा असेल. तुझ्या दम्याची चौकशी आत्ता करत नाही; तो पुढे येणारच आहे.

आमची सूनबाई चैत्राली इथल्या प्रयोगशाळेत आहे, हे तुला ठाऊक आहे. जपानी लोकांत दमा कुणाला होतो आणि का, हे त्यांच्या आनुवंशिकतेत शोधायचे, असा एक मोठा अभ्यास चालू आहे. जपानबाहेर राहणारी माणसेही त्यात हवीत. नळीत रेघेपर्यंत थुंकायचे, एवढेच काम. या गुरुवारी अकरा नमुने गेले नाहीत, तर तिचे कंत्राट संपले. दोन महिन्यांत तिला एकही जपानी थुंकायला मिळाला नव्हता. (सभ्य लोक. आपल्याकडे हा अभ्यास एका दुपारीत उरकला असता.)

आमच्या कंपाउंडात अकरा जपानी कुटुंबे आहेत. फुटबॉलचा विश्वचषक चार-पाच वर्षांवर आला, त्यामुळे नवरे स्टेडियमच्या छपरावर, बायका घरात, आणि खणलेल्या रस्त्यांची धूळ सगळ्यांच्या छातीत. मी म्हटले, हळदीकुंकू करू. रथसप्तमीला अकराही जणी वेळेआधी पाच मिनिटे आल्या. (असे मी जन्मात पाहिले नव्हते.) तिळगूळ दिला, अत्तर लावले आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एकेक नळी ठेवली. सूचनांचा कागद मी आधीच काढून घेतला होता. त्यावरचे चित्र फार उघड होते. माझे इंग्रजी बी.ए.चे असले तरी थुंकणे हा शब्द चारचौघींत उच्चारायचा नसतो. 'उद्या भरून आणा,' एवढेच सांगितले.

चूक त्याआधीची. शेजारच्या ओकामोतोबाईंनी मागे बशीभर लोणचे पाठवले, तेव्हा मी बशीत साखर घालून परत केली आणि बजावले, की आमच्यात भांडे रिकामे परत देत नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि बाकी दहा जणींना शिकवले. दुसऱ्या दिवशी नळ्या आल्या. गरम पाण्याने धुतलेल्या, रुमालात बांधलेल्या आणि बरोबर रेघेपर्यंत भरलेल्या. चैत्रालीने हातमोजे घालून एक उघडली, वास घेतला आणि खुर्चीत बसली.

"आई, ही थुंकी नाही. हा हिरवा चहा आहे."

दुसरीत भाजलेले तीळ. तिसरीत बडीशेपेएवढ्या साखरेच्या रंगीत गोळ्या.

चैत्राली रडली नाही, तिने उरलेल्या आठ नळ्या न उघडताच डब्यात ठेवून दिल्या. ते मला जास्त लागले. मी पदर खोचला. काल सकाळी सगळ्यांना पुन्हा बोलावले. चैत्रालीने नव्या नळ्या दिल्या, नीट समजावले, सह्या घेतल्या. अर्धा तास आधी पाणीसुद्धा चालत नाही, म्हणून मी घड्याळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. घरी आलेल्या बायकांना मी कोरडे बसवले, श्यामराव. आईने मला उंबऱ्याबाहेर काढले असते. मग सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवले. ओकामोतोबाईंनी हळूच विचारले, "मालविकासान, आवाज झाला तर?"

मी मिक्सर लावला.

खलास. सगळे नमुने मिळाले. कालपासून चैत्राली मला चहा आयता आणून देते.

तुझी ताई,
मालविका

ता.क. 'सगळे' हे घाईत लिहिले. हयाशीबाई मागून येतील या समजुतीने चैत्राली त्यांची नळी आणि सहीचा कागद माझ्याकडे ठेवून कामावर गेली; त्या तर शुक्रवारीच जपानला गेल्या होत्या. नवऱ्याचे छप्पर पुरे झाले. अकरावी नळी रिकामी राहिली, आणि रिकामे परत द्यायचे नाही हे तर मीच शिकवलेले. मिक्सर चालूच होता.

आणखी ता.क. आपल्या अण्णांना दमा, तुला दमा, आणि माझाही पंप उशाखाली असतो, हे चैत्रालीला माहीत नाही. नमुन्यांची पेटी अशीच गेली तर जपानच्या दम्याचे मूळ नाशकात सापडेल. बुधवारच्या आत तू तिला फोन करून खरे ते सांग. मी सासू आहे. मला जमत नाही. बुधवारी ओकामोतोबाईंच्या सासूबाई इथे राहायला येत आहेत. एका रक्ताची दोन माणसे अभ्यासात चालत नाहीत, पण सासूसुनेचे रक्त एक नसते, असे चैत्राली सांगते, तेव्हा त्या चालतील. मी त्यांना विमानतळावरून उपाशी आणते. नळी तिला तयार ठेवायला सांग.

चैत्रालीच्या हाती दिल्या त्याची तुझ्यापुरती नोंद: बंद नळ्या अकरा. पैकी जपानी दहा, नाशिकची एक.